पिसवा मांजरावर थोड्या, घरात फार

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. बुंदी नावाची दोन वर्षांची मांजरी, नसबंदी झालेली, घराबाहेर पाऊल टाकत नाही. जुलैपासून पिसवा झाल्यात. दुकानातून पावडर आणून लावली, तीनदा आंघोळ घातली, कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी चोळलं, संध्याकाळी कापूर जाळला. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. मुलाच्या घोट्यांभोवती लाल पुळ्या उठल्यात. सासूबाई म्हणतात, मांजर गावी पाठवा. सासरे म्हणतात, पिसवांनी प्लेग होतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं का? आणि गणपतीला आठ दिवस रत्नागिरीला जायचंय, तोवर हे संपेल का?

ताई, शेवटचं आधी सांगतो. गणपतीपर्यंत हे संपणार नाही. दिवाळीपर्यंत संपेल, तेही मधे कंटाळला नाहीत तर. तीन महिने धरून चाला. माझ्याकडे जे लोक पिसवांसाठी पुन्हा पुन्हा येतात, त्यांचं औषध सहसा चुकलेलं नसतं. पहिल्या महिन्यात बरं वाटलं म्हणून दुसरा डोस राहिलेला असतो.

दुसरं, बुंदीला गावी पाठवू नका. सासूबाईंना सांगा, डॉक्टर म्हणतात मांजर गेलं तर पिसवा तुम्हाला चावतील. हे मी गमतीत सांगत नाही. पिसवांचं घरात आवडतं गिऱ्हाईक एकच, बुंदी. ते उठून गेलं की उपाशी पिसवा मिळेल त्या पायावर चढणार. उलट औषध लावलेलं मांजर घरभर हिंडत राहिलं, दिवाणावर लोळलं, सोफ्याखाली शिरलं, की घरातल्या नव्या पिसवा त्याच्यावर उड्या मारतात आणि दिवसभरात मरतात. बुंदी हा तुमच्या घरातला सगळ्यात चांगला सापळा आहे, फक्त त्या सापळ्यात अजून औषध भरलेलं नाही.

आता चार दिवसांनी परत का होतात, ते बघू. पुण्यात मांजरांवर, आणि कुत्र्यांवरसुद्धा, बहुतेक वेळा जी सापडते ती मांजराचीच पिसू, टेनोसेफॅलिडीस फेलिस. ही एकदा मांजराच्या अंगावर चढली की सहसा उतरत नाही. तिथेच रक्त पिते, तिथेच दिवस काढते. म्हणजे तुमच्या मुलाला चावणारी पिसू बुंदीच्या अंगावरून आलेली नाही. ती फरशीच्या कडेला, गादीच्या शिवणीत, पायपुसण्याखाली नुकतीच जन्मलेली आहे आणि पहिलं जेवण शोधतेय. तिची उडी उंचीला जेमतेम वीतभर, म्हणून घोटे सापडतात. पुळ्या गुडघ्याच्या वर, मानेवर, हातांवर असत्या तर मी आधी ढेकणांबद्दल विचारलं असतं.

बुंदीच्या अंगावरची मादी पहिल्यांदा रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि ऐन भरात रोज चाळीस-पन्नास घालते. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात. पिसूचं अंडं गुळगुळीत असतं, बारीक मिठाच्या कणाएवढं, ते केसांतून घरंगळून खाली पडतं. बुंदी जिथे झोपते, जिथून उडी मारते, जिथे कान खाजवते, तिथे अंड्यांचा सडा. त्यासोबत पिसवांची काळी विष्ठाही गळते. ती म्हणजे वाळलेलं रक्तच, आणि अंड्यातून निघणाऱ्या अळीचं तेच अन्न. आईने अंड्यासोबत डबाही बांधून दिलेला असतो म्हणा ना. अळीला उजेड सोसत नाही. ती सतरंजीच्या विणीत, दिवाणाच्या बुडाशी, फरशीच्या फटीत शिरते. मग रेशमासारखा धागा काढून कोष विणते. तो चिकट असतो, त्याला धूळ, केस, कचरा चिकटतो आणि तो कचऱ्याचा गोळाच वाटायला लागतो.

सगळा घोळ या कोषात आहे. त्यावर फवारा आत जात नाही, धूर आत जात नाही. पिसू आत तयार होऊन बसते आणि वाट बघते. ऊब लागली, वर वजन पडलं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला, की काही क्षणांत बाहेर. कोणी आलंच नाही तर चार-पाच महिनेही तग धरते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं सदाशिव पेठेत. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून आलो तेव्हा एका वाड्यात मागच्या अंगाची खोली घेतली होती. आधीचा भाडेकरू मांजर घेऊन दोन महिन्यांपूर्वी गेलेला, खोली बंद. शहाबादी फरशी, फरश्यांमधल्या फटींत वर्षानुवर्षांची माती. दार उघडून मी ट्रंक खाली ठेवली, खिडकी उघडायला चालत गेलो आणि परत येईपर्यंत पांढऱ्या पायजम्याच्या पायांवर तीळ टाकल्यासारखे ठिपके. तीळ चालत होते. मी पशुवैद्य, हातात पदवी, आणि खाटेवर पाय वर घेऊन बसलेला. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "अहो, मांजर तर केव्हाच गेलं की हो!" मी पहिल्या दिवशी फिनेल ओतलं, दुसऱ्या दिवशी रॉकेलचा बोळा फिरवला, काही उपयोग नाही. शेवटी फटी खरवडून सिमेंट भरलं तेव्हा चैन पडलं. त्यातलं फिनेल-रॉकेल तुम्ही मांजराच्या घरात अजिबात करू नका, का ते पुढे सांगतो.

तर ढोबळ हिशेब असा, की डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिल्लावळीच्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या, कोष. तुम्ही तीन आंघोळी घातल्यात त्या या पाच टक्क्यांवर. पाण्याने आणि साबणाने अंगावरच्या पिसवा जातात हे खरंच, म्हणून चार दिवस बरं वाटलं. मग फरशीवरची पुढची तुकडी चढली.

आणि जुलैच का? अंडी-अळ्यांना पंचवीस-सव्वीस अंश तापमान आणि सत्तर-ऐंशी टक्के दमट हवा मानवते. पुण्याचा पावसाळा म्हणजे नेमकं हेच. हवा पन्नास टक्क्यांच्या खाली कोरडी झाली की अळ्या सुकून मरतात, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात प्रकार आपोआप कमी होतो. फक्त पाण्याचा कूलर लावलेल्या खोलीत हा हिशेब चुकतो, तिथे आपणच पावसाळा करून ठेवलेला असतो. पावसाळा संपला की गाद्या-गोधड्या गच्चीत कडक उन्हात घालायची आपली जुनी रीत पिसवांच्या बाबतीत शंभर नंबरी आहे. पण आत्ता ऊन नाही, त्यामुळे दुसरे मार्ग.

आधी खात्री करून घ्या. घरात उवांची जुनी बारीक दातांची फणी असेल, नसेल तर भांड्याकुंड्यांच्या दुकानात मिळेल. बुंदीला पांढऱ्या कागदावर किंवा जुन्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बसवा. शेपटीच्या बुडापासून वर पाठीकडे आणि मग मानेखाली, फणी त्वचेला टेकवून हळू ओढा. फणीत चहाच्या भुकटीसारखे काळे कण येतील. ते ओल्या कापसावर टिपा आणि अर्धा मिनिट थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी रंग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे बुंदीचंच रक्त. नुसती माती असेल तर काळीच राहील. जिवंत पिसू फणीत आलीच तर नखावर चिरडायला जाऊ नका, ती दोन्ही बाजूंनी चपटी असते, बोटांतून निसटते. साबणाचं पाणी घातलेल्या वाटीत फणी बुडवा, पिसू खाली बसेल. साध्या पाण्यावर तरंगून परत उडी मारते, साबणाने बुडते.

एकही पिसू दिसली नाही तरी "नाहीत" म्हणू नका. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि पिसवा गिळून टाकतं. माझ्याकडे मानेवर आणि कमरेवर बारीक खपल्या असलेली, पोटाचे केस चाटून चाटून उडालेली मांजरं येतात आणि मालक छातीठोक सांगतात, पिसू एकही नाही. काळे कण निघतातच. अशा मांजरांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते, दोन-चार चावेही पुरतात.

आता औषध. बुंदीला तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन वजन करा आणि मांजरांसाठीच असलेलं, मानेवर टाकायचं औषध घ्या. आपल्याकडे फिप्रोनिल आणि मेथोप्रीन एकत्र असलेलं मिळतं. फिप्रोनिल मोठी पिसू मारतं, मेथोप्रीनमुळे अंडी उबत नाहीत, म्हणून ही जोडी मला आवडते. सेलामेक्टिन आहे, इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिनची जोडी आहे. कोणतं घ्यायचं ते बुंदीचं वय, वजन, तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. ही औषधं दर चार आठवड्यांनी, निदान तीन वेळा. कॅलेंडरवर लिहून ठेवा, "आठवेल" म्हणू नका.

लावायची पद्धत नीट ऐका, कारण अर्धी औषधं केसांवरच वाया जातात. कवटी संपून मान सुरू होते तिथे, जीभ पोचणार नाही अशा जागी, दोन्ही अंगठ्यांनी केसांचा भांग पाडा. गोरी त्वचा दिसली पाहिजे. नळीचं टोक त्वचेला टेकवून पूर्ण पिळा. केसांवर थेंब टेकले तर ते तिथेच वाळतात. घरात दोन मांजरं असतील तर वाळेपर्यंत वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकमेकांना चाटतात. चुकून चाटलंच तर तोंडाला फेस येतो, औषध कडू असतं म्हणून. थोड्या वेळात थांबतो. फिप्रोनिल लावायच्या दोन दिवस आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. ते त्वचेच्या तेलात मुरून अंगभर पसरतं, शाम्पूने तेलच काढलं तर पसरणार कसं? तसं पाहिलं तर तुम्ही आता आंघोळी बंदच करा. बुंदीलाही बरं वाटेल. घरात कुत्रा असेल, दुसरं मांजर असेल, सगळ्यांना एकाच दिवशी औषध. एकाला सुटलं तर सगळं फुकट.

आता जे सांगतोय ते या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. थोडं कमी करून नाही, अर्धी नळी नाही, एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते मोडून बाहेर टाकायची जी यंत्रणा कुत्र्याच्या किंवा माणसाच्या यकृतात असते ती मांजरात फार कमजोर असते. गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायचं अमिट्राझही मांजराला चालत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री नऊला एक मुलगा टॉवेलमध्ये बोका गुंडाळून आला. दुकानदाराने "हेच लावा, वजनाने निम्मं" म्हणून मोठ्या कुत्र्याची नळी दिली होती. दुपारी लावली, संध्याकाळी कान फडफडायला लागले, मग मिशा, मग पाठीची कातडी लाटेसारखी थरथरायला लागली, आणि माझ्या टेबलावर चारी पाय ताठ. रात्रभर सलाईन आणि आचक्यांची औषधं. तिसऱ्या दिवशी तो बोका चालत घरी गेला, सगळेच जात नाहीत. असं चुकून झालंच तर लक्षणांची वाट न बघता कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून औषध धुवा, टॉवेलने कोरडं करा आणि लगेच दवाखाना गाठा. "बघू सकाळी" नको.

तुम्ही लावलेल्या पावडरीचा डबा बघून डॉक्टरांना दाखवा. पावडर मांजर चाटून पोटात घेतं, म्हणून मला ती मुळातच आवडत नाही. कडुनिंबाबद्दल मला माहीत आहे, आपल्याला वाटतं झाडाचं आहे, त्याने काय होणार. पाल्याच्या पाण्याने बुंदीला काही झालं नाही हे चांगलं, पण पिसवांनाही काही झालं नाही, आणि निंबोळी तेलाने मांजरांना लाळ गळणं, थरथर होणं असे प्रकार झालेले आहेत. चहाच्या झाडाचं तेल म्हणून बाटल्या मिळतात, तेही नको. कापूर देवापुढे लावा, मांजराच्या अंथरुणात चुरून टाकू नका. डांबराच्या गोळ्याही नकोत. कोणी लसूण खाऊ घालायला सांगेल, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि फिनेल, जे मी वाड्यात ओतलं होतं, त्याची ओली फरशी तुडवून मांजर पंजे चाटतं. फिनेलसारखे पदार्थही मांजराच्या यकृताला पेलत नाहीत.

घराकडे वळू. तुमच्या माळ्यावर लग्नात आलेला किंवा दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर खोक्यात पडून असेल. तो काढा. पिसवांसाठी घरातलं एवढं कामाचं यंत्र दुसरं नाही. केरसुणीने अंडी कोपऱ्यात सरकतात, हा ओढून घेतो. शिवाय त्याच्या कंपनाने कोषातल्या पिसवा फसून बाहेर येतात, आणि बाहेर आल्या की मारता येतात. पहिले पंधरा दिवस रोज, मग एक दिवसाआड. खोलीच्या मधोमध फिरवत बसू नका, तिथे काही नसतं. दिवाणाखाली, सोफ्याच्या गाद्या उचलून त्यांच्या फटीत, पडद्याच्या खाली, कपाटाच्या मागे, आणि बुंदी जिथून उडी मारून खाली येते ती नेमकी जागा. जमलेला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून त्याच दिवशी बाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर शेजारून आणा. तोही नसेल तर कडा-कोपरे ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि साबणाच्या पाण्याने पुसा.

बुंदीचं अंथरूण, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, मुलाची चादर हे सगळं आठवड्यातून एकदा गरम पाण्यात. साठ अंशांवर अंडी-अळ्या टिकत नाहीत, मशीनला गरम पाण्याचं बटण असेल तर ते, नाहीतर गिझरचं कडक पाणी बादलीत. कपडे नेताना गाठोडं करून न्या, झटकत नेलेत तर अंडी पॅसेजभर. गोधडी धुणं या दिवसांत अवघड, वाळत नाही. ती जाड पिशवीत बांधून वर ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस टाका. बुंदीला एकच जुनी, सुती चादर द्या, जी सहज धुता येईल. तिला ती आवडेलच असं नाही. मांजरच ते, तुम्ही घातलेल्या चादरीच्या शेजारी झोपेल.

मुलाला गंमत वाटेल असं एक सांगतो. रात्री पसरट थाळीत पाणी आणि दोन थेंब साबण घालून फरशीवर ठेवा आणि त्यावर टेबल लॅम्प लावा, बाकी खोली अंधारी. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उड्या मारतात. सकाळी मोजा. यामुळे पिसवा संपत नाहीत, पण आकडा आठवड्या-आठवड्याने उतरतोय की नाही ते कळतं, आणि कोणत्या खोलीत जोर आहे तेही.

हे सगळं सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तुम्हाला परत पिसवा दिसतील. तेव्हा फोन करून "डॉक्टर, औषध डुप्लिकेट निघालं" म्हणू नका. आधीच सांगून ठेवतोय. जुने कोष अजून फुटतायत. बुंदीच्या अंगावर दिसलेली पिसू सुस्त, कडेला आलेली असेल तर ती मरायला टेकलेली आहे. नवी अंडी पडत नाहीत, जुना साठा संपतोय. साठा संपायला लागणाऱ्या वेळेलाच मी तीन महिने म्हटलं.

पेस्ट कंट्रोल लगेच नको. महिनाभर वरचं सगळं करून थाळीतला आकडा उतरला नाही तर बोलवा. झुरळांसाठी जेल लावून जाणाऱ्याचा इथे काही उपयोग नाही. त्याला फोनवरच विचारा, पिसवांसाठी काय मारणार आणि त्यात अळ्यांची वाढ थांबवणारं औषध, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन, आहे का. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं असेल तर अंडी-अळ्या तशाच वाढत राहतात. ओल्या फवाऱ्यात पर्मेथ्रिनचे भाऊबंद असतात, म्हणून बुंदीला दिवसभर दुसऱ्या घरी ठेवा आणि फरशी पूर्ण वाळून, खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळल्यावरच आणा. माशांची टाकी असेल तर ती झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा. आदल्या दिवशी व्हॅक्यूम करा. नंतर दोन आठवडे कडा पुसू नका, नाहीतर पैसे पाण्यात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरवूनच घ्या.

आता सासऱ्यांचा प्लेग. त्यांची भीती पुणेकराची आहे आणि तिला मान द्यायला हवा. 1897 मध्ये या शहराने प्लेग भोगलाय. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला गेल्या, आणि प्लेगच्या झडत्यांच्या संतापातून चापेकरांनी 22 जून 1897 ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली. माणसांना घराबाहेर काढत होते, सामान जाळत होते, आणि पिसवांचा यात हात आहे हे तेव्हा सिद्धच झालेलं नव्हतं. ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, कराचीत उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. पण ती मुख्यतः उंदराची पिसू, बुंदीच्या अंगावरची जात वेगळी आणि प्लेग पसरवण्यात ती कच्ची. सासऱ्यांना सांगा, आज काळजी प्लेगची नको.

काळजी दुसरी आहे. पिसूच्या पोटात एका पट्टकृमीचं पिल्लू असू शकतं. बुंदी अंग चाटताना ती पिसू गिळते आणि जंत तिच्या आतड्यात वाढतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, वाळल्यावर तिळासारखे तुकडे दिसले तर तेच. प्राझिक्वांटेलची गोळी वजनाप्रमाणे, पण पिसवा गेल्याशिवाय जंत कायमचे जात नाहीत. लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही होऊ शकतात, म्हणून जमिनीवर रांगणारं बाळ असेल तर व्हॅक्यूमची जास्त निकड. दुसरं, पिसवांच्या विष्ठेतला बार्टोनेला नावाचा जंतू मांजराच्या नखांत जातो आणि ओरखड्यातून माणसात. बुंदीने ओरखडलं तर साबणाने लगेच धुवा. ताप आला किंवा काखेत गाठ आली तर तुमच्या डॉक्टरांना मांजर आहे हे आवर्जून सांगा. मुलाच्या पुळ्यांवर बर्फ, कॅलामाइन. खाजवून पिकल्या तर डॉक्टर.

बुंदी मोठी आहे म्हणून मी निवांत लिहितोय. पार्किंगमध्ये आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू सापडलं आणि अंगावर पिसवा असल्या तर गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी शाळेतल्या दोन मुली चपलांच्या खोक्यात असं एक घेऊन आल्या, वजन माझ्या चष्म्याच्या डबीएवढं. वरचा ओठ उचलला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. इतक्या लहान जिवाचं रक्त पिसवाच पिऊन टाकतात. तिथे मानेवरचं औषध चालत नाही. कोमट पाणी, फणी, कोरडा टॉवेल, ऊब आणि तडक दवाखाना.

तुमच्या घरात आल्या कुठून, हे विचारलं नाहीत पण विचार आला असेलच. बुंदी बाहेर जात नाही, पण बाल्कनीत किंवा डक्टच्या जाळीशी बाहेरचं मांजर येऊन बसतं का बघा. जिन्यात झोपणाऱ्या मांजराजवळून जाताना पँटच्या पायावरूनही एखादी येते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "मांजरं लांब नेऊन सोडा" हा ठराव दर पावसाळ्यात येतो, त्यात पडू नका. जागा रिकामी झाली की दुसरी मांजरं येतात, नव्या पिसवांसकट. त्यापेक्षा खायला घालणाऱ्या माणसाला विश्वासात घ्या. ओळखीची मांजरं वाटीत तोंड घालून खात असतात तेव्हा मानेवर औषध टाकता येतं. महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी वर्गणी काढून हे केलं तरी जिना शांत होतो. नसबंदीचंही त्याच ओघात होऊन जातं.

राहिलं रत्नागिरी. आठ दिवस फ्लॅट बंद, सप्टेंबरची दमट हवा, आत कोषांचा साठा आणि कोणाची चाहूल नाही. त्या वाड्यातल्या माझ्या खोलीसारखंच. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी बुंदीला औषध लागलेलं असू द्या. ती घरीच राहणार असेल आणि कोणी रोज येऊन दूध-खाणं घालणार असेल तर उत्तमच, येणाऱ्याला फक्त पायमोजे घालायला सांगा. तिला बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर तिथल्या प्राण्यांना औषध असतं का विचारा. परत आलात की दार उघडून आधी पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून एकट्याने आत जा आणि दोन मिनिटं सगळ्या खोल्यांतून चाला. मोज्यांवर काय चढलंय ते दारात उभं राहून बघा, मोजे साबणाच्या बादलीत टाका, व्हॅक्यूम फिरवा, मग मुलाला आत घ्या. सामान आणि मोदकांचा डबा त्यानंतर.